पत्रिका उघडू नका

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुम्ही परदेशात राहता, वेबसाइट बनवता. वाचकांना रोजच्या उपयोगाच्या चार टिपा द्या. जरा हलकंफुलकं लिहा."

हलकंफुलकं कसं लिहितात ते मला आता आठवत नाही. मान दुखते, सकाळी उठतानाच डोळे थकलेले असतात. आणि टिपांचं म्हणाल तर इतकी वर्षं टिपा देऊन देऊन मी अशी विटले आहे की कोणी "एक छोटीशी शंका होती" म्हटलं, की मी फोन पालथा घालून ठेवते. पण आम्हा अकोल्याच्या लोकांना तोंडावर भांडण जमतं, तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी नेमकं काय करते हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. जठारपेठेत कोणी विचारलं तर ती सांगते, "बेबी ना? ते कम्प्युटरमंधी हाय." जणू काय मला त्या डब्यात कोंडून ठेवलंय! खरं म्हणजे फार चूकही नाही तिचं. आपल्याकडे लग्नाला मांडव, खुर्च्या, गाद्या पुरवणारी बिछायत केंद्रं असतात. पाहुणा मांडवाची झालर बघतो, खुर्चीवर बसतो, जेवून जातो. बांबू कुठे रोवला, दोरी कशाला बांधली, हे कोण बघतं? मांडव पडला तर मात्र बिछायतवाल्याच्या सात पिढ्या निघतात. मी इंटरनेटवरची बिछायतवाली. तुम्ही जिथे बोटानं दाबता ते बटण, त्याच्यामागच्या दोऱ्या आणि बांबू माझे.

नेदरलँड्समधल्या एका लहानशा शहरात माझी कंपनी आहे. माझी म्हणजे मी जिथे नोकरी करते ती. फुलांच्या दुकानांसाठी आम्ही वेबसाइट बनवतो. मागे आमच्यातल्या एका हुशार माणसानं ठरवलं की गिऱ्हाइकानं फुलांची ऑर्डर दिली, की पडद्यावर रंगीबेरंगी कागदांचे तुकडे उडाले पाहिजेत. लोक खूश होतात म्हणे. सगळ्या दुकानांच्या साइटवर ते बसवलं. मग एक दिवस एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. त्यांनी नवऱ्याच्या अंत्ययात्रेसाठी पुष्पचक्र मागवलं होतं. पैसे भरले आणि पडद्यावर लाल-पिवळा पाऊस पडला. त्या ओरडल्या नाहीत, तक्रार करते म्हणाल्या नाहीत. "हे तेवढं काढून टाका," एवढंच म्हणाल्या. मी काढलं. पाच मिनिटांचं काम होतं, पण त्या दिवशी घरी जाताना सायकल नीट चालवता आली नाही मला. लग्न कोणतं आणि मयत कोणती हे मशीनला कळत नसतं बापा. ते कळणारं माणूस मध्ये कुठेतरी बसलेलं असावं लागतं.

आता तर कोडही मशीनच लिहितं. मी त्यातल्या चुका शोधते. म्हणजे स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा आणि खडे मी वेचायचे. आमचा मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा वाटतो. तो म्हणतो, यानं तुमचं काम हलकं झालं. मी म्हणते, हो रे बाबा, झालं.

हे झालं पगाराचं काम. बिनपगाराचं काम म्हणजे आमचा घरचा ग्रुप. त्यात काका, आत्या, चुलत, मावस, त्यांच्या सुना, जावई, सगळे. परदेशात असलेली आणि कम्प्युटरमधली अशी मी एकटीच, त्यामुळे साऱ्या खानदानाच्या फोनची दुरुस्ती माझ्याकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत. रोज उठून पंधरा जणांना तेच ते सांगण्यापेक्षा मी एक पद्धत पाडली. दर रविवारी ग्रुपवर एक टीप टाकायची. लोक तिला "बेबीची टीप" म्हणायला लागले.

पहिली टीप सुधाकरकाकांमुळे द्यावी लागली. माझे सख्खे काका, अकोल्यातच असतात. त्यांचा फोन भरला होता. भरला म्हणजे गच्च, फोटो काढायलासुद्धा जागा नाही. मी इथून त्यांच्या फोनचा पडदा माझ्या पडद्यावर घेऊन पाहिलं, तर आत हजारो देव. रोज सकाळी कोणी ना कोणी गणपती पाठवतो, कोणी गजानन महाराज, कोणी बालाजी. मी म्हटलं, "काका, हे सगळे काढून टाका, फोन मोकळा होईल."

"देवाले डिलीट करू?" काका उखडले. "तू तिकडं राहून काय झालीस वं? पाप लावतं का मले?"

तासभर डोकं खाल्लं त्यांनी माझं. शेवटी मी हात टेकले आणि म्हटलं, "काका, गणपती बसवतो ना आपण? मग दहाव्या दिवशी काय करतो?"

काका म्हणाले, "विसर्जन." दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, फोनला हळदीकुंकू लावून, "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत त्यांनी सगळे देव पुसले. त्या रविवारची टीप होती: देव डिलीट करू नका, विसर्जन करा. साऱ्या ग्रुपचे फोन त्या आठवड्यात रिकामे झाले. माझ्या अख्ख्या नोकरीत माझं एवढं कोणी ऐकलं नसेल.

याच काकांचा फोन यंदा चोरानं धरला. त्यांना एका अनोळखी नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. त्यांनी उघडली. ती पत्रिका नव्हतीच. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं. फोटोचं वेगळं, कागदाचं वेगळं. या पत्रिकेचं शेपूट होतं एपीके, म्हणजे ती कागद नव्हे, एक प्रोग्राम होती. दाबली की तो फोनमध्ये घुसतो, ठाण मांडून बसतो, तुमचे मेसेज वाचतो, बँकेचे आकडे वाचतो आणि तुमच्याच नावानं तीच पत्रिका पुढे दहा जणांना पाठवतो. काकांचं नशीब थोर, बँकेनं वेळेत खातं गोठवलं. मी विचारलं, "काका, नंबर ओळखीचा नाही, नाव ओळखीचं नाही, मग उघडली काहून?"

"अवं, पत्रिका हाय ना! न पायता कसं राहावं? उद्या कोनी म्हनन, पत्रिका देऊनबी आले नाहीत. इज्जतीचा सवाल हाय."

या चोरांमध्ये कोणीतरी वऱ्हाडातलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. लॉटरीचा मेसेज आमची माणसं उघडत नाहीत, फुकटचं काही मिळत नसतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण पत्रिका? पत्रिका आली आणि पाहिली नाही, असं आमच्यात होतच नाही. त्या रविवारी मी टीप टाकली: "अनोळखी नंबरावरून आलेली पत्रिका उघडू नका. डिलीट करा. नंबर ब्लॉक करा." ब्लॉक करणे म्हणजे त्या नंबराला आपल्या दाराशी फिरकू न देणे, हेही खाली लिहिलं आणि कसं करायचं त्याची चित्रं टाकली. टीप बरोबर होती. आजही विचारलंत तर हीच देईन.

काही दिवसांनी आईचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा असा फुललेला, जणू शाळेत पहिली आली आहे.

"बेबी, पाय, मी नाही फसली! मलेबी आलती पत्रिका. मी दाबली नाही. डिलीट केली. अन् नंबर ब्लॉक केला, तू सांगतलं तसा."

"एकटीनं केलंस?"

"मंग! शेजारचीले नाही इचारलं, कोनाले नाही."

आईचं वय बघता मला खरंच कौतुक वाटलं. मी ग्रुपवर टाकलं. शाबास, वा रे वा, टाळ्या, फुलं. सुधाकरकाकांनी तर लिहिलं, "वहिनी हुशार, मी बुद्दू." आई दोन दिवस हवेत होती. दुधानं पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरानं तर ताकाचं भांडंच ओतून दिलं होतं, पण ते तेव्हा कुणाला माहीत?

मग कल्पनाचा फोन आला. कल्पना माझी मावसबहीण, अमरावतीला असते. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलंच नाही. "बेबी, मावशीनं गजानन मामाले ब्लॉक केलं का वं?"

मला कळेना. "मामाला? मामाचा नंबर तरी कुठे आहे तिच्याकडे?"

"मामानं नवीन नंबर घेतला. पल्लवीचं लग्न ठरलं. मामानं मावशीले पत्रिका पाठोली, अन् मावशीनं ब्लॉक केलं म्हने. मामा दोन दिवसांपासून घरात कोनाशी बोलून नाही राहिला."

मी खुर्चीवर बसून राहिले. सांगते, का ते. गजानन मामा आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून लहान. अंजनगाव सुर्जीला त्याचा विड्याच्या पानांचा मळा आहे. पल्लवी त्याची मुलगी, म्हणजे आई तिची आत्या. आणि माझ्या लग्नापासून या बहीण-भावांचं बोलणं बंद आहे.

आमच्याकडे नवरीला मामानं बोहल्यावर आणायचं असतं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्यामागे उभं राहायचं असतं. माझ्या लग्नाच्या दिवशी मामाची एसटी वाटेत बंद पडली. तो लग्नासाठी मळ्यातली पानं घेऊन निघाला होता. खिशात फोन असायचे दिवस नव्हते ते. मुहूर्त टळायला आला, भटजी ओरडायला लागले, आणि कोणीतरी आमच्या घरमालकांना मामाच्या जागी उभं केलं. मामा कार्यालयात पोचला तेव्हा मंगलाष्टकं चालू होती आणि भाचीच्या मागे दुसराच माणूस उभा होता. मामानं पानांच्या डाली, त्या मोठाल्या टोपल्या, स्वयंपाकघरापाशी ठेवल्या आणि आला तसा परत गेला. त्यानंतर तो अकोल्याला आला नाही. आईही अंजनगावला गेली नाही. आमच्या घरात मामाचं नाव निघालं की आई भांडी घासायला उठते.

मी माझ्या धंद्यामुळे हजारदा विचार केला आहे. त्या दिवशी मामाच्या हातात एक फुटकळ फोन असता आणि त्यावरून "येऊन राहिलो, थांबा" एवढाच मेसेज आला असता, तर एवढी वर्षं वाया गेली नसती. आज तो फोन सगळ्यांच्या हातात आहे. मामानं मेसेज पाठवला, आणि आईनं माझ्या टिपेप्रमाणे तो पुसून टाकला.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं. मला वाटलं, ती चपापेल, मग खूश होईल. आईचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हंजे ते पत्रिका खरीच होती?"

"खरी होती. मामानंच पाठवली."

"फोनवर?" आईचा आवाज चढला. "सख्ख्या बहिनीले फोनवर पत्रिका? दूधवाल्याले पाठोते फोनवर, पेपरवाल्याले पाठोते. बहिनीच्या दारी यावं लागते, कुकू लावून, अक्षता टाकून हातात द्या लागते. आत्या हाय मी पोट्टीची!"

"आई, तो अजून—"

"चोराचीच असती तं बरं झालं असतं. चोर तं चोर, त्याचा राग नाही येत. आता त्यानं पाठोली म्हनून सांगतलं तू मले, आता काय करू मी?"

मला राग आला. दिवसभर मशीनच्या चुका काढायच्या, रविवारी यांच्या. मी तोडून बोलले. म्हटलं, "आई, मान-मान काय करते? माझ्या लग्नात तुम्हीच त्याची जागा दुसऱ्याला दिली. तो काहून येईल तुझ्या दारी?"

"मी देल्ली? मी होती का तिथं?"

"मग कुठे होतीस?"

आई म्हणाली, "गेटावर."

"कोणत्या गेटावर?"

"कार्यालयाच्या. समोरच्या. रोडवर उभी होती मी. प्रत्येक रिक्शा पाहून राहिली होती, यातून उतरते का त्यातून उतरते. भटजीले सांगून गेलती, माहा भाऊ आल्याबिगर अक्षता टाकजो नोका. वाजंत्री वाजली तवा समजलं, टाकल्या म्हनून. धावत आली आत. तुह्या डोक्यावरच्या अक्षता मी पायल्याच नाही बेबी."

अंतरपाटाच्या अलीकडे मान खाली घालून उभ्या असलेल्या नवरीला काय दिसतं? पावलं दिसतात. माझी आई मांडवात नव्हती, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. फोटोत ती नाही हे बघितलं होतं, पण वाटायचं, कामात असेल. मला रडू आलं. आई म्हणाली, "रडतं काहून? झालं ते झालं," आणि फोन ठेवून दिला.

मी मामाला साधा फोन लावला. नंबर कल्पनानं दिला. माझा आवाज त्यानं लग्नानंतर ऐकला नव्हता.

"कोन बोलून राहिलं?"

"मामा, मी बेबी."

"कोनती बेबी?" ओळखलं होतं त्यानं. मुद्दाम विचारलं.

"अकोल्याची."

"हं. बोल." आणि मी बोलायच्या आत तोच सुटला. "तुह्या मायनं ब्लॉक केलं मले. पल्लवीनं दाखोलं. दोन टिका आल्या की पोचलं म्हंते, मंग पाठोलं ते पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी नमस्कार पाठोला, तं एकच टिक. अजूनबी एकच हाय."

"मामा, तुमाले नाही ब्लॉक केलं तिनं. चोराले केलं."

"म्हंजे मी चोर?"

आता या माणसाला एपीके काय समजावून सांगू? तरी सांगितलं. सुधाकरकाकांचं सांगितलं, माझी टीप सांगितली. मामा ऐकत होता की नाही कोण जाणे. मी विचारलं, "मामा, तुमी स्वतः काहून नाही आले पत्रिका घेऊन?"

"येनार होतो." आवाज खाली आला. "स्टँडवर गेलो, अकोल्याच्या गाडीत बसलो, अन् उतरलो. दारात उभं राहून काय म्हनू? अन् तिनं दारच नाही उघडलं तं? पल्लवी म्हने, बाबा, पयले फोनवर टाकून पाहू. आत्याचं उत्तर आलं, की मंग जाऊ पत्रिका घेऊन."

म्हणजे ती पत्रिका नव्हतीच. मामानं बाहेरून हळूच कडी वाजवून पाहिली होती.

मी त्याला गेटाचं सांगितलं. आई रस्त्यावर उभी होती, तिनं माझ्या अक्षता पाहिल्या नाहीत, भटजीला बजावून गेली होती.

"कोनत्या गेटावर?" मामानं विचारलं.

"समोरच्या."

"मी मांगून आलो. डाली होत्या ना पानाच्या. समोरून कुठं घेऊन येऊ?"

मी म्हटलं, "मामा, तुमी लावा तिला फोन. मी ब्लॉक काढते." तो म्हणाला, मोठी ते हाय, तिनं बोलवावं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लग्न त्याच्या घरी हाय, त्यानं यावं. ब्लॉक काढू देईना. "बटन दाबून नातं सुरू होते का?" म्हणाली. मी तिकडून इकडे, इकडून तिकडे. आमच्या धंद्यात दोन मशीन एकमेकांशी बोलायच्या आधी एक रीत असते. एक विचारते, ऐकू येतं का? दुसरी सांगते, येतं, तुला माझं येतं का? पहिली सांगते, येतं. मगच कामाचं बोलणं सुरू. पण पहिलीनं तोंड उघडलंच नाही, तर जगातला कोणताही प्रोग्रामर काही करू शकत नाही. लग्न पंधरवड्यावर आलं होतं. आत्याशिवाय पल्लवीचं लग्न झालं, की पुढच्या पिढीपर्यंत हे असंच राहणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मी कोणालाही न विचारता एक काम केलं. मंगळवारी दुपारी ऑफिसातल्या फोन करायच्या काचेच्या खोलीत बसले. भारतात तेव्हा दिवेलागण होते, दोघंही घरी असतात. आईला फोन लावला, तिला थांब म्हटलं, मामाला लावला आणि दोन्ही फोन एकमेकांना जोडले.

"आई, मामा आहे लाइनवर. मामा, आई आहे." एवढं बोलून मी माझा आवाज बंद केला, म्हणजे म्यूट.

मामाकडे कुठेतरी मोटर चालू होती. आईचा पंखा ऐकू येत होता. मला वाटलं, आता एक जण ठेवणार. तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी झाली.

"कुकर लावला का?" मामानं विचारलं.

"हो."

"काय टाकलं?"

"तुरीची डाळ."

दुसरी शिट्टी झाली. आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तू जेवला नाही त्या दिवशी."

"नाही."

"मीबी नाही जेवली."

मामा खाकरला. बराच वेळ खाकरत राहिला. "गेटावर होती म्हने तू."

"डाली दिसल्या सैपाकघराजोळ, तवा समजलं तू येऊन गेला. धावत गेली मी मांगच्या गल्लीनं. सापडला नाही तू."

"मले कोनी सांगतलं नाही बाई."

"कोन सांगन? मी नाही सांगतलं. मले वाटे, तुले समजन."

काचेवर टकटक झाली. बाहेर मॅनेजर. मीटिंग होती आमची. त्यानं मनगटावर बोट ठेवून दाखवलं. मी हातानं सांगितलं, नाही. तो भुवया उंचावून उभा राहिला. त्याला कसं समजावणार? हा फोन मी जोडलेला होता. मी ठेवला असता, तर दोघांचाही तुटला असता, आणि पुन्हा कोण कोणाला लावणार होतं? मी त्याच्याकडे पाठ केली. डोळे पुसायला रुमालही नव्हता माझ्याजवळ, बाहीनं पुसले.

इकडे आई विचारत होती, "पल्लवी कशी हाय?"

"बारीक झाली. आत्या येते का म्हनून इचारून राहिली रोज."

"मंग पत्रिका घेऊन ये. फोनवर नाही, हातात दे. अक्षता टाकून."

"परवा येतो. घरी रायजो."

"मी कुठं जाऊन राहिली? जेवाले ये. समोरून ये."

"हो."

मग ते बोलायलाच लागले. आईचे गुडघे, मामाची साखर, पानांवर पडलेला रोग, कोण गेलं, कोणाला काय झालं. मामा मध्येच हसला, तेव्हा आईही हसली. माझी मीटिंग सुरू झाली, संपली. माझी मान अवघडली, मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

कधीतरी मामाला आठवलं. "बाई, बेबी आयकून राहिली का वं हे सारं?"

"राहू दे," आई म्हणाली. "तिचं कामच हाय ते."